जुन्या ट्रकचा साजशृंगार : शास्त्रोक्त विधी

प्रस्तुत विधी टाटा १२१० या सेमी-फॉरवर्ड गाडीसाठी आहे. १२ म्हणजे टन, १० म्हणजे शंभर अश्वशक्ती. बाकी गाडीत जे दिसतं ती मालकाची हौस. भावाभावांच्या वाटणीत आमच्या आबांनी विहिरीतला हिस्सा सोडून ट्रक घेतला, तेव्हापासून या शास्त्राचे पाठ घरात रोज होतात.

नियम १. आधी ठोकून बघावं. या गाड्या कारखान्यातून चासी आणि पुढचं तोंड एवढ्यावर बाहेर पडायच्या. केबिन आणि हौदा बॉडीवाला बांधायचा. आत लाकडी सांगाडा, वर पत्रा. खिळ्याच्या भोकातून पाणी मुरतं आणि पत्रा चकाकत असताना आतलं लाकूड कुजत राहतं. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी हातोडीच्या दांड्याने सगळी केबिन ठोकत फिरावं. भद्द आवाज आला की तिथला पत्रा उचकटायचा. चौकटीला साग, हौद्याच्या तळाला बाभूळ; उलटं सांगणाऱ्या सुताराला चहा पाजून निरोप द्यावा. आबा ठोकतात मन लावून, निकाल मात्र मानत नाहीत. "आवाज लाकडाचा नाही, तुझ्या कानाचा आहे."

नियम २. रंगाआधी रेड ऑक्साइड. यावर चर्चा नाही.

नियम ३. चिन्ह कालानुरूप असावं. टेल्को आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४चा. तो १९६९ साली संपला आणि जाळीवरचा तारा गेला. आबांची गाडी त्यानंतरची. तरी जुन्या बाजारातून तारा आणून बसवलाच. इतिहास सांगायला गेलं की उत्तर तयार : "काडीमोड कंपन्यांचा झाला, गाडीचा नाही."

नियम ४. नावं. इथे भलेभले घसरतात. केबिनच्या कपाळावर कुलदैवत, त्याखाली आईवडिलांचा आशीर्वाद, इथवर घरात शांतता असते. मग दारांवर नातवंडं. दारं दोन, नातवंडं तीन. धाकट्याला डिझेलच्या टाकीवर जागा दिली, तर सूनबाईंच्या हातचा चहा महिनाभर बिनसाखरेचा येतो. 'हॉर्न ओके प्लीज'वर राज्यात २०१५ साली बंदी आली, तेव्हा फाळक्यावर मोकळी जागा झाली. लगेच माहेरपणाला आलेल्या आत्याने तिथे आपल्या लेकीचा हक्क सांगितला. त्यात पेंटर अक्षरावर पैसे घेतो आणि जोडाक्षराला जादा. ज्ञानेश्वरीपेक्षा रमा आबांची जास्त लाडकी का, याचा उलगडा इथे होतो. पण माणूस न्यायी. शेवटी तिघांचीही नावं स्वतःच्या नावाच्या जागी घातली, आणि 'मालक' एवढा शब्द पुढे कोणीच नसताना तसाच ठेवला.

नियम ५. अंतरंग. इंजिन निम्मं केबिनमध्ये असतं, तेव्हा त्याच्या झाकणाखाली उष्णता अडवणारं जाड अस्तर आधी घालावं, मखमल नंतर. आबांनी मखमल आधी घातली. क्लिनर त्यावर बसत नाही, भाकरी ठेवतो. गोंडे, झालर, लुकलुकणारा देव्हारा, सगळं हवं, पण झालर काचेवर चार बोटांच्या खाली येऊ देऊ नये. पुढचा रस्ता देवाला दिसतोच, ड्रायव्हरलाही दिसू द्यावा.

नियम ६. निरनिराळ्या सुरांत वाजणारा हॉर्न मोटार वाहन नियमांत बसत नाही. आबांच्या मते नियमच बेसूर आहे.

नियम ७. भाडं. रंग पुरता वाळल्यावर गाडी कामाला लावावी. आबांनी विटा नाकारल्या, कोपरे लागतात म्हणून. वाळू नाकारली, खरवडते म्हणून. सध्या फक्त फुलांचं भाडं चालेल म्हणतात. आमच्या तालुक्यात ऊस पिकतो.