समासातील शेरे

नाशिकात सार्वजनिक वाचनालय 1840 साली स्थापन झाले, त्यामुळे ग्रंथांविषयी मत देण्याचा या नगरीचा अधिकार आता वंशपरंपरागत इनामासारखा झाला आहे. आणि ते इनाम किती निष्ठेने वहिवाटले जाते याची रुजुवात ज्यास करावयाची असेल, त्याने कोणत्याही ग्रंथालयातील लोकप्रिय कादंबरीची झिजलेली प्रत उघडून समासातील पेन्सिलीचे शेरे वाचावेत. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ची जी प्रत माझ्या हाती आली, तीत माधवरावांच्या अंतकाळापाशी एकाने ‘डोळे पाणावले’ अशी कैफियत नोंदविली आहे, तिच्याखाली दुसऱ्याने ‘क्षयावर तेव्हा औषध नव्हते’ असा निर्विकार अभिप्राय दिला आहे, आणि तिसऱ्याने (हा गृहस्थ आनंदवल्लीचाच असावा, कारण राघोबादादांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या भूमीचा अभिमान अन्य कोणास इतका असणार?) पानोपानी ‘दादांची बाजू ऐकलीच नाही’ अशी फिर्याद गुदरली आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’वर तर ‘घरातील मुलींस देऊ नये’ असा हुकूमच आहे. तो देणाऱ्याने ग्रंथ दोनदा वाचला असावा, कारण अधोरेखने दोन रंगांची आहेत. ‘कोसला’च्या एका प्रतीत ‘यात घडते काय?’ या पृच्छेखाली निराळ्या हस्ताक्षरात ‘हेच’ एवढेच उत्तर आहे.

सार्वजनिक ग्रंथ विद्रूप करण्याच्या या प्रवृत्तीचा मी तीव्र निषेध करतो, आणि तो शेवटच्या कोऱ्या पानावर, तारीख घालून, सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवला आहे.