सुधारलेला बाप

सुधारलेल्या बापाच्या डाव्या गुडघ्यावर रुपयाएवढी एक पांढरी खूण असते आणि त्या खुणेच्या तीन हकिगती असतात. बायकोला सांगितलेली हकिगत क्रिकेटची आहे, आणि तीत तो झेल घेतलेलाही असतो. मुलाला सांगितलेली सिंहगड चढताना पाय घसरल्याची. तिसरी, म्हणजे खरी, फक्त आजीला ठाऊक असते. आजी ती योग्य वेळेसाठी राखून ठेवते.

हा बाप साधारण 1973 सालचा. सध्या मुक्काम कोथरूड, टू बीएचके. बीपीची गोळी तो न चुकता घेतो आणि रात्री साडेनऊपर्यंत मुलगा क्लासवरून आला नाही की गॅलरीत येरझाऱ्या घालतो. मुलाला त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन टाकायला लावले आहे. ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तासच चालते, ही त्याची त्या कंपनीबद्दलची एकमेव तक्रार. नकाशावर मुलगा कर्वे पुतळ्यापाशी चार मिनिटे हलला नाही, की याचा फोन गेलाच.

"तिथे काय करतोयस?"

"बसमध्ये आहे, बाबा."

"बस का थांबलीय?"

या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नसते, आणि ड्रायव्हरला विचारून सांगण्याइतका तो अजून मोठा झालेला नाही.

सतरा पूर्ण झाल्यावर मुलाने आईची अ‍ॅक्टिव्हा मागितली, तेव्हा मात्र बापाने जेवणाच्या टेबलावर अख्खा कायदाच वाढला. 2019 सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला वयाची 25 वर्षे होईपर्यंत लायसन नाही. "तू हिंडशील आणि आत मी जाईन," असा समारोप करून त्याने आमटी वाढून घेतली. गाडी आपल्या नावावर आहे, हे त्याच्या बायकोने तिथल्या तिथे मनात नोंदवून ठेवले.

"आमच्या वेळी असले कायदे नव्हते, पण शिस्त होती," हे वाक्य मात्र त्याने उगाच जोडले. एवढ्यासाठीच आजी थांबली होती.

"कसली रे शिस्त?" ताक ओतता ओतता आजी म्हणाली. "चौदाव्या वर्षी शेजारच्या काकांची लूना न विचारता नेलीस आणि भाजीवालीच्या पाटीत घातलीस. तो गुडघा कुणी धुतला? मी. वांग्यांचे पैसे कुणी दिले? तेही मीच."

कायनेटिकची लूना 1972 ची, म्हणजे या बापापेक्षा वर्षभराने मोठी. पन्नास सीसीचे इंजिन, आणि ते रुसले तर मारायला सायकलसारखी पेडल. तिच्यावरून जीव धोक्यात घालायला खास प्रतिभा लागते, आणि ती याच्यात होती. 'तेजाब' पाहायला क्लास बुडवणे, प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही वडिलांपेक्षा सफाईने करणे, ही त्या प्रतिभेची किरकोळ कामे. तिची खरी कसोटी लागली 1990 च्या दिवाळीत.

मित्राच्या थोरल्या भावाने यामाहा आरएक्स 100 घेतली होती. 1985 ते 1996 अशी जेमतेम अकरा वर्षे निघालेली ही गाडी. तिचा आवाज ऐकून आजही पन्नाशीचे गृहस्थ बोलता बोलता थांबतात. घरी सांगितले, "मित्राकडे अभ्यासाला जातो." निघाले सिंहगडला. गाडी एक, स्वार तीन, लायसन शून्य. वर पिठलं-भाकरी झाली, मडक्यातले दही झाले. उतारावर गाडी चालवायची पाळी याची आली, आणि एका वळणावर समोरून टेम्पो. याने ब्रेक दाबला तो घाबरून, टेम्पोवाल्याने दाबला तो अक्कल वापरून. मध्ये हातभर जागा उरली. टेम्पोवाल्याने खाली उतरून तिघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तिघांनी तो मान खाली घालून ऐकला. परतीच्या वाटेवर कुणी काही बोलले नाही. घरी आल्यावर आईने विचारले, "झाला का अभ्यास?" तो म्हणाला, "झाला."

ही हकिगत आजीलाही ठाऊक नव्हती. लूनाचे बिंग फुटल्यावर आता लपवण्यासारखे उरलेय काय, अशा भरात बापाने ती स्वतःच सांगून टाकली; थोड्या अभिमानानेच. टेम्पोपर्यंत आल्यावर मात्र त्याचा आवाज खाली गेला. आजीच्या हातातला ताकाचा गडू तसाच राहिला.

मुलगा तेवढ्यात मोबाइलमध्ये शिरला होता. "बाबा, मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. लागू झाला 1 जुलै 1989 ला. विनालायसन, कलम 3. अठराच्या आत गिअरची गाडी, कलम 4. ट्रिपल सीट, कलम 128. हेल्मेट होतं?"

"नव्हतं."

"मग कलम 129. एकाच फेरीत चार."

सुधारलेल्या बापाची खरी अडचण ही आहे. आपण हुशारीने वाचलो, असे त्याला इतकी वर्षे वाटत होते. स्वतःचा मुलगा गाडी मागायला लागल्यावर त्याला हिशेब लागला, की आपण एका अनोळखी टेम्पोवाल्याच्या ब्रेकवर वाचलो. आता हे मुलाला कसे शिकवणार? रस्त्यावर चांगले टेम्पोवाले भेटोत, असा काही क्लास निघत नाही. मग तो कलमे पाठ करतो, गॅलरीत उभा राहतो आणि बस का थांबली ते विचारतो.

गेल्या महिन्यात मुलाला अठरा पूर्ण झाली. शिकाऊ लायसन आले, अ‍ॅक्टिव्हाला पुढेमागे लाल 'एल' लागला आणि शिकवायला म्हणून बाप मागे बसला. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघालेल्या या शहरात दोघांनी सोसायटीच्या पार्किंगमध्येच हेल्मेट चढवली. मुलगा पस्तीसच्या वर गेला नाही. तरी प्रत्येक वळणावर बापाचा उजवा पाय फूटरेस्टवर जोरात दाबला जात होता. अ‍ॅक्टिव्हाचे दोन्ही ब्रेक हाताला असतात. आरएक्स 100 चा मागचा ब्रेक उजव्या पायाला असायचा.