दादाचा दिवाण स्पितीला जातो

आमच्या दादाने आयुष्यात कुणाचे उपकार घेतले नाहीत. निवृत्त झाल्यावर हॉटेलवाल्यांचेही घ्यायचे नाहीत असं त्याने ठरवलं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल खात्यात उभी हयात गेलेला माणूस. हॉटेलच्या खोलीत शिरला की आधी चादर उलटून बघतो, मग नळ सोडून बघतो आणि मग मॅनेजरला बोलावतो. तेव्हा स्पितीला जायचं ते स्वतःचा पलंग घेऊन, आणि पलंग बसवायचा तो गाडीत, असा ठराव झाला. वहिनीने विरोधी मत नोंदवलं. "तुमच्या घोरण्याला निदान दहा फुटांचं छत हवं," ती म्हणाली. म्हणून दुसऱ्या कुशीसाठी माझी निवड झाली.

गाडी दादाचीच, जुनी, डिझेलवर चालणारी फोर-बाय-फोर. कंपनीचं नाव सांगत नाही. तिच्या पोटात आम्ही काय काय केलं ते वाचून त्या लोकांना वाईट वाटायचं.

गाडीतल्या पलंगाचं सगळं भांडण उंचीशी असतं. पलंग खाली ठेवावा तर मागच्या चाकांवरचे पत्र्याचे दोन उंचवटे दोन्हीकडून कुशीत शिरतात. वर न्यावा तर खाली स्टोव्ह, पाण्याचे कॅन, दोरखंड असा संसार मावतो. पण उठून बसलं की टाळू छताला. दादाची अट एकच होती, सकाळचा चहा ताठ बसून प्यायचा. मग वहिनीने माळ्यावर जपलेले दिवाळी अंक खाली आले आणि एकेक अंक बुडाखाली सारत दादा गाडीत बसून बघू लागला. नव्यापासून सुरुवात केली होती. १९९४ च्या अंकांना डोकं लागलं. १९९५ पर्यंतची जाडी टेपने मोजली आणि ती पलंगाची उंची ठरली.

लांबीचा प्रश्न अंकांनी सुटण्यासारखा नव्हता. मधली सीट दुमडली, पुढच्या सीटा पार पुढे ढकलल्या, तरी सलग जागा दादाच्या उंचीपेक्षा कमीच भरत होती. मी म्हटलं, सरळ मधली सीट काढून टाकू. दादाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला पाठ होतं: आरसी बुकात जे लिहिलंय त्याच्याशी फारकत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलंय. सीटांची संख्या आरसीवर असते, तेव्हा सीट जागेवरच राहील, पलंगच तिच्यावरून जाईल आणि हवा तेव्हा काढता येईल. डोक्याकडे पियानो बिजागरीवर एक झडप ठेवायची. रात्री ती पुढे उलगडायची, दिवसा मागे दुमडायची. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो पलंग नव्हता, सामान होतं. पुढे अनेक चेकनाक्यांवर आम्ही तेच सांगितलं.

सुतारकामाला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या ओळखीचे मिस्त्री मिळाले. त्यांचं माप सुतात आणि दादाचं मिलिमीटरात. "सहा मिलिमीटर कमी करा," दादा म्हणायचा. "म्हणजे दोन सूत," मिस्त्री म्हणायचे. "दोन सुतांचे ६.३५ होतात." यावर मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवायचे आणि दोन सूत कापायचे.

प्लाय कुठलं घ्यायचं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. "सातशे दहा नंबरचं घ्या, मरीन," मिस्त्री म्हणाले. "पाण्यात पडलं तरी सुटत नाही." दादा म्हणाला, "मला गाडी पाण्यात घालायची नाही." मिस्त्रींनी बाहेर उभ्या गाडीकडे एकदा बघितलं. "फोर-बाय-फोर ना साहेब?"

मरीनच घेतलं. दादाला १८ मिलिमीटर हवं होतं, पण आठ बाय चारची तसली एक शीट तीस किलोच्या वर भरते, आणि हे सगळं वजन गाडीच्या पोटात वरच्या अंगाला बसणार. खाली एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम असेल आणि फूट-फूट अंतरावर आडवे पाइप असतील, तर भार प्लायवर नसतो, फ्रेमवर असतो. मग १२ मिलिमीटरही पुरतं. हे दादाला पटलं, कारण ते त्याने स्वतःच हिशेब करून काढलं होतं. मी तासभर तेच सांगत होतो, ही गोष्ट वेगळी. शीट गाडीत मावेना, म्हणून गाडीचा पलंग गाडीपर्यंत छोटा हत्तीतून आला.

खरी परीक्षा बोल्टांची. सत्तरच्या वेगात कचकन ब्रेक दाबला तर गाडी थांबते. नुसता ठेवलेला पलंग थांबत नाही, तो मानेच्या दिशेने प्रवास चालू ठेवतो. म्हणून फ्रेम गाडीला आवळायची. पण फरशीला नवी भोकं पाडायची सोय नाही, कारण खालून डिझेलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरी जातात. सामान बांधायच्या कड्या कंपनीने जिथे बसवल्यात, त्या आट्यांच्याच भोकांत आमचे बोल्ट गेले. बोल्ट बाजारातला कुठलाही चालत नाही. डोक्यावर ८.८ कोरलेलं लागतं. पहिल्या आठाचा अर्थ, चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसून मग तुटणार. दुसऱ्याचा अर्थ, त्याच्या ८० टक्क्यांवर गेला की कायमचा वाकडा होणार. "माणसांच्याही डोक्यावर असं कोरलेलं हवं होतं," दादा म्हणाला. वहिनी तेव्हा चहा घेऊन आली होती, म्हणून मी काही बोललो नाही. प्लाय आणि लोखंड एकमेकांवर घासून कुरकुरतात, तर त्यांच्या मधे रबराची पट्टी आणि धक्क्यांनी सैल होऊ नयेत म्हणून नायलॉक नट, असा बंदोबस्त झाला.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात मिस्त्रींनी कडेला सागवानी सनमायका आणि गोल पट्टी मारून टाकली. "उघडं प्लाय बरं दिसत नाही साहेब, पाहुणे येतात." पलंगाचा दिवाण झाला तो असा.

पाहुणे खरंच आले. पहिला मुक्काम इंदूरला. दादाने आत्याच्या दारात गाडी लावली आणि आम्ही गाडीतच झोपणार असं जाहीर केलं. "घरात तीन खोल्या रिकाम्या आणि भाचे रस्त्यावर? गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवू नका माझ्या!" आम्ही मुकाट्याने खोल्यांत झोपलो. सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरून झाल्यावर आत्या गाडी बघायला उतरली, दिवाणावर जरा टेकली आणि तासभर गाढ झोपली. दिवाणाची पहिली चाचणी अशी ऐंशी वर्षांच्या बाईने घेतली. "छान आहे," ती म्हणाली, "फक्त तक्क्या हवा." शिवपुरीच्या अलीकडे ढाबेवाल्याने बाज टाकून दिली. गाडीत झोपतो म्हटल्यावर त्याने आम्ही पैसे वाचवतोय असं समजून फुकट दिली, आणि उपकार घ्यायचे नाहीत या दादाच्या व्रताला तिथे पहिला तडा गेला.

पानिपतात काहीही झालं नाही, हे मुद्दाम सांगतो. तिथे काही मोडेल अशी पुण्यातल्या प्रत्येकाची खात्री होती. दोघांनी रात्री फोनही केले. दिवाण शाबूत होता. फक्त काचा लावल्या की भट्टी आणि उघडल्या की डास, असे दोनच पर्याय असल्याने आम्ही पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर बसून उजाडायची वाट पाहिली.

किन्नौरमधून चढत चढत नाकोला पोचलो, साडेतीन हजार मीटरच्या वर. डास नाहीत, आत्या नाही, ढाबेवाला नाही. दादाने पाणसळ काढून दिवाणावर ठेवली, एका चाकाखाली चपटा दगड घेतला, डोकं चढाकडे केलं आणि आम्ही झोपलो. दादा कूस बदलायचा तेव्हा मलाही बदलावी लागे, एवढीच रुंदी होती. मध्यरात्री त्याला बाहेर जायची गरज पडली, तेव्हा कळलं की मागचं दार आतून उघडतच नाही. कंपनीने आत मूठ दिलेली नाही. मागून उतरणारा माणूस तिथे झोपलेला असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. दादा माझ्यावरून, झडपेवरून, गिअरच्या दांड्यावरून सरपटत ड्रायव्हरच्या दारापर्यंत गेला. वाटेत हॉर्न वाजला. अख्खं नाको जागं झालं. परत येताना आतून घामेजलेल्या काचांचं पाणी त्याच्या मानेवर ठिबकलं. काच बोटभर उघडी ठेवली असती तर श्वासाची वाफ बाहेर गेली असती, पण त्याला थंडी वाजत होती. सकाळी त्याने पायजम्याची नाडी ओढून काढली आणि मागच्या कुलपाच्या तरफेला बांधली. ओढली की दार उघडतं. पुढचा सगळा प्रवास दादाने पट्टा लावून केला.

ताबोला घरगुती मुक्काम, काझाला तसंच. प्रत्येक ठिकाणी थुक्पा समोर आला आणि दादाचा विरोध वाफेसारखा विरत गेला. लोसर मागे टाकून कुंझुमला देवीच्या देवळाभोवती गाडीची प्रदक्षिणा घातली आणि बातलला उतरलो. दगड जास्त आणि रस्ता कमी, अशी ती वाट, ८.८ च्या बोल्टांनी तिथे एक शब्द काढला नाही. संध्याकाळी ढाब्यापाशी एमएच ०९ ची एक मोटरसायकल आली. तिच्यावरचा कोल्हापूरचा पोरगा वाटेतल्या नाल्यात कमरेपर्यंत भिजलेला, थंडीने दात वाजत होते आणि डोकं दुखत होतं. ढाब्यात भिंतीकडेची लांब फळी भरत आली होती. दादाने त्याला कोरडे कपडे दिले, वहिनीची गोधडी दिली, नाडी कशी ओढायची ते दाखवलं आणि दिवाण देऊन टाकला. आम्ही फळीवर उरलेल्या दोन हात जागेत ट्रक ड्रायव्हरांच्या शेजारी आडवे झालो. तिथे छत उंच होतं.

सकाळी पोरगा ताजातवाना होऊन बाहेर आला. "काय झोप लागली बघा काका! हाटेलात बी न्हाई अशी. पण उजव्या अंगाला वाईच उतार हाय, दोन सूत असंल."

दादा काही न बोलता पाणसळ घेऊन गाडीत चढला. मग खाली उतरून ती जमिनीवर ठेवून बघितली, आणि गाडीभोवती चारही बाजूंनी तसंच. "उतार बातलला आहे," त्याने पोराला गंभीरपणे सांगितलं, "दिवाणाला नाही." आणि तेवढं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, सहीसकट.