गुरुजींची १ जून

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा आणि आई,


फोनवर मोफत उपचारांच्या त्या वय वंदना कार्डाचा विषय काढला की बाबांना नेमका आवाज येईनासा होतो, म्हणून हे लेखी.

बाबा, ते कार्ड फक्त गरिबांसाठी नाही. ७० पूर्ण झालेल्या कुणालाही मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट आणि लेक-जावई अमेरिकेत, हा गुन्हा धरलेला नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला ही सोय सुरू झाली, तेव्हापासून तुमचं "बघू" चाललंय.

इथे असं "बघू" म्हणून चालत नाही. आमच्या शेजारचे काका यंदा पासष्टचे झाले. मेडिकेअर या इथल्या सरकारी आरोग्य विम्यासाठी वाढदिवसाचा महिना मध्ये धरून सात महिने मिळतात. ते चुकले आणि दुसरा विमा नसला, तर 'बी' भागाचा हप्ता दर वर्षाच्या उशिराला दहा टक्क्यांनी चढतो, तो बहुधा जन्मभर. ए, बी, सी, डी असे चार भाग. काकू म्हणतात, यांना पुन्हा बालवाडीत घातलंय.

तुमच्याकडे सगळं आधारवरच्या जन्मतारखेवर. म्हणजे ज्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला १ जून चिकटवली, ते आता पावले! त्यांच्यापायी बाबा ३१ मेला निम्म्या ऑफिसबरोबर वेळेआधी निवृत्त झाले आणि पुढे दर जूनमध्ये त्यांचा उद्धार करत राहिले. आता तो थांबवा. आईसुद्धा श्रावणातली असून कागदावर १ जूनचीच, त्यामुळे तीही बसते.

आता ओटीपी. तो कुणाला सांगायचा नाही हे तुमचं व्रत उत्तम. पण गेल्या खेपेला कार्ड काढून देणाऱ्या पोरीलाच तुम्ही पोलिसांची धमकी दिलीत. या वेळी स्वतःच्या हाताने टाका. आईचा अंगठा नारळ खवून खवून गुळगुळीत झालाय, मशीनला सापडला नाही तर चेहरा दाखवूनही काम होतं. बाबा, चेहरा जरा प्रसन्न ठेवा.

कार्डावर उपचारांना वर्षाला पाच लाख, पण दोघांत मिळून. वाटणीवरून भांडू नका. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात, तेव्हा विमा एजंटपासून लपवलेली शुगर इथे खुशाल सांगा. आणि ती खाजगी पॉलिसी बंद करू नका, दोन्ही चालतात. नुसती तपासणी, रोजच्या गोळ्या यात नाहीत. दाखल व्हावं लागतं, तेही यादीतल्याच हॉस्पिटलात. मानपाडा रोडवर दिसेल त्या पाटीखाली रिक्षा थांबवू नका, आधी १४५५५ ला विचारा.

आई, कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकू नकोस. मावशी तुझ्याहून तीन वर्षांनी थोरली, पण आधारवर अजून अडुसष्टचीच आहे. आजवर ते ती मिरवत होती.

तुमची,
बेबी