विरुद्धार्थीकाका

तुमच्या सोसायटीतही एक असतीलच. आमचे सदाशिव पेठेतले, बँकेतून निवृत्त. यांना 'गुड मॉर्निंग' म्हणायची सोय नाही. आभाळाकडे बघून ते "ऑस्पिशस!" म्हणतात आणि जिना अडवून विचारतात, "विरुद्धार्थी?"

दूधवाल्याला म्हणाले, "दूध डायल्यूटेड आहे. विरुद्धार्थी?" तो म्हणाला, "म्हशीचं." काकांनी अर्धा मार्क दिला.

दाढ ठणकत होती, तरी 'दुखतंय' म्हणणं त्यांना कमीपणाचं. भूल उतरेपर्यंत थांबून 'एक्स्क्रुशिएटिंग' म्हणाले आणि डॉक्टरांनाच विचारलं, "विरुद्धार्थी?" डॉक्टर म्हणाले, "आधी बिल."

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं. तेव्हापासून पुणेकर ते दूध पितायत. काका त्याचा रतीब घालतात. शाळेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली, मग अप्पा बळवंत चौकातून जीआरईचं, म्हणजे अमेरिकेत उच्चशिक्षणाला जाण्यासाठीच्या परीक्षेचं, जुनं बॅरन्स गाइड आणलं. त्यातली साडेतीन हजार शब्दांची यादी तोंडपाठ. ऑगस्ट २०११मध्ये जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले, तेव्हा काका आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. अमेरिकेची घसरण तिथून सुरू झाली, असं त्यांचं ठाम मत आहे.

परीक्षा त्यांनी स्वतः कधी दिलीच नाही. तेव्हा फी डॉलरमध्ये होती आणि पाठीवर भावंडं होती. पुढे त्याच पुस्तकावर मुलगा अमेरिकेला गेला. आता नातू व्हिडिओ कॉलवर प्रत्येक गोष्टीला 'कूल' म्हणतो. त्याला मात्र काका विरुद्धार्थी विचारत नाहीत.

जीआरईसारखा दगा महाराष्ट्र सरकारने त्यांना दिलेला नाही. इथल्या स्पर्धा परीक्षांत विरुद्धार्थी शब्द अजून विचारतात. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी त्याच परीक्षांची तयारी करते आणि रोज संध्याकाळी काकांकडे बसते. काकू चहा देतात, काका छळतात, ती वहीत लिहून घेते. मावशींनी एकदा पैशांचं विचारलं, तर काका इंग्रजीत रागावले. मावशींना काहीच कळलं नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

छळतात, हे मान्य. पण गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागलेल्या या पेठेत फुकट शिकवणारा दुसरा माणूस असेल, तर दाखवा.