चिरंजीवांना गावाची ओढ लागते

मे महिना उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हापूसच्या पेटीची चौकशी सुरू होते, आणि त्याच सुमारास ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओच्या, मेडिकल कॉलेजांचे अर्ज उघडतात. आंब्याचा हंगाम महिना-दीड महिन्यात आटोपतो. अर्जांचा वर्षभर चालतो आणि त्या काळात घरातल्या चिरंजीवांना खेड्याची अनावर ओढ लागते.

हे चिरंजीव एडिसनला जन्मले, एडिसनलाच वाढले. मंडळाच्या गणेशोत्सवात ढोल वाजवतात, आरतीत 'लवथवती विक्राळा' आलं की नुसते ओठ हलवतात. बायॉलॉजीची पदवी झाली आहे. खेड्याशी त्यांचा आजवरचा संबंध म्हणजे दर ऑक्टोबरात पैसे भरून सफरचंदं तोडायला जाणं आणि मक्याच्या शेतात मुद्दाम केलेल्या चक्रव्यूहात हरवणं. न्यू जर्सी हे अमेरिकेतलं सर्वांत दाट वस्तीचं राज्य आहे. तिथे राहून ग्रामीण पार्श्वभूमी मिळवायची म्हणजे कष्ट पडणारच, आणि चिरंजीव कष्टाळू आहेत.

गेल्या वर्षी त्यांना प्रयोगशाळेची ओढ होती. पेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात, या विचाराने तेव्हा त्यांना झोप येत नसे. ते अर्ज एमडीच्या कॉलेजांना गेले होते. कॉलेजांनी उलट निरोप पाठवले आणि पेशींचं प्रेम आटलं. एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा साडेसात तास चालते आणि तिचे गुण ४७२पासून ५२८पर्यंत असतात. शून्यापासून का मोजत नाहीत, हे आजीला अजून कोणी समजावू शकलेलं नाही. एमडीला घेतलेल्या मुलांची सरासरी ५११-५१२च्या घरात असते, डीओंची ५०३-५०४च्या. चिरंजीवांना पडले ५०५. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर 'रुग्णाकडे माणूस म्हणून पाहणं' हा विषय या घरात प्रथमच निघाला.

मंडळाची स्मरणिका मी काढतो, म्हणून हे सगळे निबंध तपासायला माझ्याकडे येतात. मराठी स्मरणिकेचा आणि इंग्रजी निबंधाचा संबंध काय, असं कोणी विचारत नाही. लिहिणारा तो लिहिणारा. त्यामुळे चिरंजीवांच्या अनेक आवृत्त्या माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. काहींना बहिणी आहेत, त्याही अशाच. फरक इतकाच की मुलींच्या निबंधात व्याकरणाच्या चुका कमी असतात.

डीओ म्हणजे काय, हे पुण्याला समजावणं हा अर्जातला सर्वांत अवघड भाग. तो अर्जात छापलेला नसतो. अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या वाटा दोन, एमडी आणि डीओ. दोघंही औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात, आणि २०२०पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यताही एकाच यंत्रणेखाली आहे. डीओला वर दोनेकशे तास हातांनी हाडं, स्नायू, सांधे तपासून उपचार करायला शिकवतात. हे सगळं व्हॉट्सॲप कॉलवर सविस्तर सांगून झाल्यावर पुण्याची आत्या विचारते, "म्हणजे हाडवैद्य?" तिची चूक नाही. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात ऑस्टिओपॅथ म्हणजे फक्त हातांनी उपचार करणारा, आणि गूगलवर आत्याला नेमका तोच सापडतो. पुढचा प्रश्न तयारच असतो, "पण मग एमबीबीएस कधी केलंस?"

तीर्थरूपांनी यावर तोड काढली आहे. ते सांगतात, बायडन यांचे व्हाइट हाउसमधले डॉक्टर केविन ओ'कॉनर डीओ. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत कोविडच्या वेळी पत्रकारांसमोर येणारे शॉन कॉन्ली, तेही डीओ. दोन्ही पक्षांचं एकमत झालेली एवढी एकच गोष्ट या देशात उरली आहे, असं तीर्थरूप म्हणतात आणि कॉफीचा घोट घेतात. मातोश्रींचा अभ्यास वेगळ्या दिशेने चालतो. कॅलिफोर्नियात १९६२ साली दोन हजारांच्या आसपास डीओंनी पासष्ट डॉलर भरून त्याऐवजी एमडीचं प्रमाणपत्र घेतलं होतं, हे त्यांनी कुठेसं वाचलं. त्यांनी मला फोन करून हळू आवाजात विचारलं, "ही योजना अजून चालू आहे का हो?"

डीओच का, या निबंधासाठी चिरंजीवांनी अँड्र्यू टेलर स्टिल यांचं चरित्र पाठ केलं आहे. हे गृहस्थ सीमेवरच्या भागातले डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वराने त्यांची तीन मुलं गेली. त्या काळची औषधं म्हणजे पारा, अफू आणि व्हिस्की. त्यांवरचा विश्वास उडाला आणि १८७४मध्ये त्यांनी आपली वेगळी पद्धत जाहीर केली. पुढे १८९२ साली मिसुरीतल्या कर्क्सव्हिल या लहानशा गावात त्यांनी पहिलं कॉलेज काढलं, आणि पहिल्या वर्गातच बायकांनाही घेतलं. माणूस खरोखर मोठा होता. पण चिरंजीव तीन मुलांचा परिच्छेद अशा आवाजात वाचतात की त्यांना घरातलंच सुतक आहे असं वाटावं. शरीर, मन आणि आत्मा एकच, शरीरात स्वतःला बरं करायची ताकद असते, ही तत्त्वं त्यांनी आजीलाही ऐकवली. आजी म्हणाली, "हे आमचे वैद्यबुवा सांगायचे. ते पैसे घेत नसत." इथे वर्षाची फी पन्नास-साठ हजार डॉलर आहे, हे आजीपासून लपवून ठेवलं आहे. ती सहा महिन्यांच्या मुक्कामाला आली आहे आणि तिची कंबर हा चिरंजीवांचा सध्याचा क्लिनिकल अनुभव आहे. यूट्यूबवर बघून ते ती दाबतात. आजी बरं वाटल्याचं सांगते. नातू आहे, दुसरं काय सांगणार?

खरी कसोटी मात्र 'ग्रामीण भागच का' या निबंधाची. वेस्ट व्हर्जिनियातलं लुइसबर्ग, केंटकीतलं पाइकव्हिल, टेनेसीतलं हॅरोगेट, अशा डोंगरी गावांतली कॉलेजं मुळी आसपासच्या भागाला डॉक्टर मिळावेत म्हणून निघालेली. खेड्यात वाढलेली मुलंच पुढे खेड्यात टिकतात, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या पाहणीतून पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती आडून विचारत नाहीत, सरळ विचारतात, तुझा गावाशी संबंध काय?

इथे मराठी माणसाला बाहेरच्यांना नसलेली एक सोय आहे. त्याला मूळ गाव असतं. तिथे कोणी राहत नाही, कोणी जात नाही, पण ते असतं. चिरंजीवांचं मूळ गाव राजापूरजवळ आहे. ते तिथे दोनदा गेले, दोन्ही वेळा बाटलीबंद पाणी घेऊन, आणि दुसऱ्या वेळी विंचू दिसल्यामुळे दुपारीच परतले. निबंधात या भेटींचं 'माझ्या पूर्वजांच्या कृषिजीवनाशी असलेलं अखंड नातं' झालं. पुरावा म्हणून सातबारा जोडावा का, असा तीर्थरूपांचा गंभीर प्रश्न आला. सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत, त्यांतली निम्मी माणसं हयात नाहीत आणि उरलेल्यांत बोलणं नाही. मी म्हटलं, नको. प्रवेश समितीला कोकणातले दावे समजावत बसायला ५,३०० अक्षरं पुरायची नाहीत. निबंधाची मर्यादा तेवढीच आहे, मोकळ्या जागा धरून.

चिरंजीवांना मी हसतोय, पण हा प्रकार केवळ अमेरिकेतला नाही. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत, नीट येण्याआधी, गांधीविचारावर वेगळा पेपर असे. त्या काळात किती मुलांचं चरख्यावर एकाएकी प्रेम बसलं असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. संस्थेने निष्ठा मागितली की अर्जदार ती आणून देतो. तो तरी काय करील? फॉर्मवर तसा रकाना आहे.

तीर्थरूप आयटीत आहेत, त्यामुळे त्यांनी एक्सेलची शीट केली आहे. कॉलेजचं नाव, फी, जवळचा विमानतळ, जवळचं इंडियन ग्रोसरी, जवळचं देऊळ, आणि शेवटी 'बर्फात रस्ता बंद होतो का'. पाइकव्हिलच्या ओळीत त्यांनी लाल रंग भरला, कारण तिथल्या हॅटफील्ड आणि मॅकॉय या दोन घराण्यांचं वैर त्यांच्या वाचनात आलं. एकोणिसाव्या शतकात दोन्हीकडची माणसं मेली, आणि त्यात एक खटला तर चक्क एका डुकराच्या मालकीचा होता. मी म्हटलं, बांधावरून डोकी फोडणाऱ्या आपल्या भाऊबंदांसारखंच आहे हे, चिरंजीवांना परकं वाटायचं नाही. तीर्थरूपांनी लाल रंग काढून पिवळा केला.

या सगळ्यात जे गडबडतं ते घाईमुळे. अर्ज येतील तशा जागा भरत जातात, म्हणून चिरंजीव एकाच आठवड्यात वीस-वीस निबंध पाठवतात. सोमवारी त्यांना डोंगरातल्या खाणकामगाराची सेवा करायची असते, मंगळवारी मोठ्या शहरातल्या गरीब वस्तीची. बुधवारी त्यांनी एका कॉलेजला लिहिलं की आपण भलत्याच कॉलेजात शिकायचं स्वप्न लहानपणापासून पाहतो आहोत. नाव बदलायचं राहून गेलं. त्या कॉलेजचं उत्तर सभ्य आणि दोन ओळींचं होतं.

मग कोणीतरी डॉक्टरकाकांची आठवण काढली. काका नागपूरच्या मेडिकलचे. ब्रुकलिनला रेसिडेन्सी केली, ती जे-वन व्हिसावर. तो व्हिसा संपला की दोन वर्षांसाठी मायदेशी परत जावं लागतं. मात्र डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर सूट मिळते, आणि १९९४च्या कायद्याने अशी शिफारस करायची मुभा राज्यांना मिळाली. काका वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिणेकडे, कोळशाच्या खाणींच्या एका खोऱ्यात गेले. तीन वर्षं संपली, हिरवं कार्ड आलं, आणि काका अजून तिथेच आहेत. का राहिलात, असं विचारलं की म्हणतात, "निघायला वेळच झाला नाही." अॅपलाचियाच्या डोंगरांतल्या कितीतरी दवाखान्यांवर असे देशी आडनावांचे बोर्ड आहेत. त्यांतल्या कोणी 'ग्रामीण भागच का' हा निबंध लिहिलेला नाही. काका म्हणतात, "तिकडे डॉक्टर नव्हता, माझ्याकडे व्हिसा नव्हता. यात लिहायचं काय?"

काकांनी चिरंजीवांचा निबंध वाचला आणि 'पॅशन' हा शब्द आला तिथे तिथे खोडला. निबंध एक तृतीयांश कमी झाला. मग त्यांनी फोनवर प्रश्न विचारले. चाळिशीतला खाणकामगार धाप लागते म्हणून आला, त्याचं फुफ्फुस कोळशाच्या धुळीने दगड झालंय, आणि तो म्हणतो पुढच्या सोमवारी मी कामावर जाणार, तर काय बोलशील? वेदनाशामक गोळ्यांच्या नादात अख्खं घर बुडालंय आणि आजी एकटी तीन नातवंडं सांभाळतेय. तिची साखर तीनशेच्या वर आहे आणि औषध ती दिवसाआड घेते, कारण रोजचं परवडत नाही. प्रिस्क्रिप्शनवर काय लिहिशील? बाळंतपणाचा विभाग बंद झालाय, पुढचं इस्पितळ घाट ओलांडून, आणि बाई तुझ्या दारात आहे. २०१०नंतर अमेरिकेत शंभराहून जास्त ग्रामीण इस्पितळं बंद पडली किंवा त्यांनी रुग्ण दाखल करून घेणं थांबवलं. म्हणजे हा प्रश्न काकांनी कल्पनेतून काढलेला नव्हता. शेवटी विचारलं, "रात्री दोन वाजता हरिण गाडीवर आलं तर?"

चिरंजीव गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "तिकडे वाय-फाय असतं का?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "दवाखान्यात आहे. घाटात नाही." मला त्या पोराचं त्या क्षणी कौतुक वाटलं, कारण सबंध वर्षात त्याने स्वतःहून विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता. ज्याला तिथे राहायचं आहे तोच वाय-फायची चौकशी करतो. नुसता निबंध लिहिणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

मुलाखत झूमवर झाली. वर ब्लेझर, खाली पायजमा, मागे आजीने मुद्दाम ठेवलेली तुळस. समितीतल्या बाईंनी विचारलं, जानेवारीतल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या गावात काय करशील? चिरंजीवांनी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं आणि मध्येच थांबून म्हणाले, "माहीत नाही. कंटाळा येईल बहुतेक." बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. नाव सध्या प्रतीक्षायादीत आहे.

तर ज्यांच्या घरी यंदा असा अर्जदार आहे, त्यांना एक विनंती. निबंध माझ्याकडे पाठवण्याआधी पोराला काकांकडे पाठवा. त्यांच्या दवाखान्यात उन्हाळ्यासाठी माणूस हवा आहे. काम रक्तदाब मोजण्याचं आणि म्हाताऱ्यांना गाडीपर्यंत सोडण्याचं, पगार बेताचा, राहायची सोय काकांच्या तळघरात. गाडी स्वतःची लागेल, आणि विम्यात हरणाची टक्कर धरलेली आहे ना, तेवढं बघून घ्या.