जुन्या व्हीटेकचे खरेदीशास्त्र

पंचवीस वर्षांची, अडीच लाख किलोमीटरच्या घरात धावलेली आणि तरीही केवळ वेगाच्या ओढीने विकत घेतली जाणारी मोटार घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न वरवर अर्थशास्त्राचा वाटत असला, तरी त्या शास्त्राच्या हाती तो पाच मिनिटेही टिकत नाही. कारण कागदावर बेरीज मांडली की उत्तर ‘घेऊ नये’ असेच येते, आणि ज्याला हे उत्तर पटणार असते तो मुळात बेरीज मांडायला बसतच नाही. विवेचनाच्या सोयीसाठी बेरीज मांडायला बसणाऱ्या या व्यक्तीस ‘इच्छुक’ म्हणावे. इच्छुक सामान्यतः पंचेचाळिशीच्या आगेमागे असतो. गाडी नवी होती त्या काळी तो पुण्यात पीएमटीच्या बसला लोंबकळत कॉलेजला जात असे आणि कोणा उद्योगपतीच्या चिरंजिवांनी ती गाडी फर्ग्युसन रस्त्यावरून नेलेली त्याने बसच्या खिडकीतून पाहिलेली असते. ही नोंद पुढच्या सर्व तांत्रिक चर्चेपेक्षा महत्त्वाची आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचे अस्सल उदाहरण म्हणून पहिल्या पिढीच्या होंडा सिटीकडे बोट दाखवता येईल. १९९८ साली भारतात आलेल्या या गाडीला २००० च्या सुमारास दीड लिटरचे व्हीटेक इंजिन मिळाले आणि त्याची ताकद १०६ अश्वशक्ती होती. आज हा आकडा कोणाच्या भुवया उंचावणार नाही. पण त्या काळच्या रस्त्यावर, जेमतेम टनभर वजनाच्या गाडीत, तो पुरेसा उद्धट होता. व्हीटेक म्हणजे काय, हे येथे सांगणे आवश्यक आहे. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा किती आणि किती वेळ उघडाव्यात, हे कॅमशाफ्ट नावाचा, अंगावर उंचवटे असलेला फिरता दांडा ठरवतो. साध्या इंजिनात या उंचवट्यांची घडण एकाच प्रकारची असल्यामुळे ती सावकाश चालीला मानवणारी असेल तर वेगात दम संपतो, आणि वेगाला मानवणारी असेल तर सिग्नलवर इंजिन आचके देते. होंडाने एकाच दांड्यावर दोन्ही स्वभावांचे उंचवटे बसवले आणि फेऱ्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकवून इंजिनाला सौम्यावरून उग्रावर नेण्याची व्यवस्था केली. त्या क्षणी आवाज बदलतो. इच्छुक ज्यासाठी पैसे मोजतो तो हा आवाज होय. बाकीची गाडी त्याच्यासोबत नाइलाजाने घरी येते.

या सुखाचा भूगोल मात्र अडचणीचा आहे. व्हीटेकचे उग्र रूप वरच्या फेऱ्यांत प्रकट होते, आणि पुण्यातील कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता तेथवर पोहोचण्याची सोय कोणत्याही महापालिकेने आजवर केलेली नाही. राहता राहिला पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग; तेथे सपाटीला मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात ती आणखी उतरते आणि वर कॅमेरे बसलेले आहेत. दुसरा गिअर पुरता ताणून तिसऱ्याला हात घालेपर्यंत कायद्याने दिलेली मुभा संपत आलेली असते. म्हणजे पाच गिअरांची गाडी घेऊन त्यांतल्या दीड गिअरांचाच उपभोग घ्यायचा, हे गणित इच्छुकास कोणीतरी समजावून सांगते, आणि तो “दीड तर दीड” असे म्हणून पुढे जातो. होंडाने हे दुःख आधीच ओळखले असावे, कारण २००३ साली आलेल्या पुढच्या सिटीत तिने ७७ अश्वशक्तीचे, पेट्रोल वाचवणारे, सद्गुणी इंजिन बसवले. जुन्या व्हीटेकची किंमत शौकिनांच्या मनात चढू लागली ती तेव्हापासून.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळावे. या प्रसंगाची तुलना कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाशी करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु स्थळ पाहायला जाणारा मनुष्य निदान नकार देण्याची तयारी ठेवून जातो, आणि इच्छुक टोकनाचे पैसे खिशात घालून गेलेला असतो. विक्रेत्याची भाषा ठरलेली असते. “साहेब, डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड,” हे पहिले वाक्य. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतून आजवर जितके पदवीधर बाहेर पडले, त्यांहून अधिक डॉक्टरांच्या गाड्या सेकंडहँड बाजारात विकल्या गेल्या असाव्यात, असा अंदाज बांधण्यास जागा आहे. “इंजिनाला हात लावलेला नाही” हे दुसरे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते, आणि पंचवीस वर्षांत इंजिनाला कोणी हातच लावलेला नसेल तर ती तक्रार समजावी की प्रशस्ती, असा प्रश्न उपस्थित करणे शिष्टाचारास सोडून मानले जाते.

मीटरवरील आकडा हा या शास्त्रातील सर्वाधिक गैरसमजाचा विषय आहे. २००१ सालची गाडी २०२६ मध्ये ६८,००० किलोमीटर दाखवत असेल, तर भागाकार करून पाहावा: ती रोज सरासरी साडेसात किलोमीटर चालली, म्हणजे कोथरूडहून डेक्कनला जाऊन परत आली, आणि हे पंचवीस वर्षे, घाट, लग्नसराई आणि गणपतीला कोकणात जाणे वर्ज्य करून. असा संयम तपस्व्यांत आढळतो. सिटी व्हीटेकच्या मालकांत आढळत नाही. मीटर मागे घेणे ही या धंद्यातील जुनी कला आहे, परंतु तिचे आचार्य आकडा फिरवतात आणि पेडल विसरतात. म्हणून जाणकार मनुष्य बॉनेट उघडण्याआधी चालकाच्या बाजूचे दार उघडून खाली वाकतो आणि ब्रेकच्या पेडलवरील रबर पाहतो. त्यावरच्या रेघा उजव्या अंगाला झिजून गुळगुळीत झाल्या असतील, कडेने लोखंड डोकावत असेल, स्टिअरिंगचा वरचा भाग चकचकीत झाला असेल आणि आसनाची दाराकडची कड चढ-उतार करून बसकी झाली असेल, तर ती गाडी दोन-अडीच लाखांची आहे, मग मीटर काहीही म्हणो. रबर नवे कोरे असेल तर संशय दुप्पट धरावा. पंचविसाव्या वर्षी पेडलचे रबर कोणी हौसेने बदलत नाही.

येथे एक मत स्पष्टपणे नोंदवणे भाग आहे, आणि ते लोकमताच्या विरुद्ध आहे. खरोखरच अडीच लाख धावलेली गाडी ही कमी धावलेल्या गाडीपेक्षा बहुधा बरी असते. धावणाऱ्या गाडीचे तेल बदलले जाते, पाणी पाहिले जाते, झिजलेला भाग निघतो आणि नवा बसतो. उभ्या गाडीत मात्र सील वाळतात, टाकीला गंज धरतो, उंदीर वायरिंगचा फडशा पाडतात आणि पावसाळे डिकीतल्या स्टेपनीखाली गुपचूप मुक्काम करतात. डिकीतली चटई उचलून पाहिल्याशिवाय, विशेषतः मुंबई पासिंगच्या गाडीची, सौदा करू नये. इंजिन थंड असतानाच सुरू करवून घ्यावे. बॉनेट आधीच कोमट लागले तर विक्रेत्याने सकाळी त्याची समजूत काढून ठेवली आहे, असे समजावे. धूर निळा असेल तर तेल जळते आहे. आणि टायमिंग बेल्टचे बिल मागावे. हा दातेरी रबरी पट्टा कॅमशाफ्टला खालच्या क्रँकशाफ्टशी ताल धरायला लावतो. तो तुटला तर झडपा आणि पिस्टन यांची आतल्या आत टक्कर होते, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. “बेल्ट बदललाय” हे वाक्य बिलाशिवाय ऐकू आले, तर बेल्ट बदललेला नाही.

कायद्याच्या दृष्टीने ही मोटार ज्या अवस्थेत असते तिला त्रिशंकूची अवस्था म्हणणे योग्य ठरेल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, आणि पर्यावरण कर वेगळा. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५,००० वर गेले आणि जुन्या गाडीबद्दल सरकारला काय वाटते, हे कोणत्याही भाषणाशिवाय स्पष्ट झाले. २००१ सालच्या गाडीचे नूतनीकरण २०१६ मध्ये, मग २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२६ मध्ये येते. तेव्हा यंदा ‘अर्जंट सेल, मालक परदेशी जाणार’ असे सांगितले गेले, तर आधी आरसीवरील तारीख पाहावी. दुसऱ्या टोकाला २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम आहेत. त्यांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीला सन्मानाची वेगळी नोंदणी मिळते, मात्र तिचा रोजच्या वाहतुकीसाठी वापर करता येत नाही. म्हणजे आपली सिटी २०५१ साली वारसा ठरेल, इच्छुक तेव्हा सत्तरीत असेल आणि वारसा ठरल्याबरोबर ती गाडी भाजी आणायला नेण्याची सोयही संपेल. विमा कंपनीचे धोरण याहून तात्त्विक आहे: पाच वर्षांपुढच्या गाडीचे मूल्य मालक आणि कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवावे, असा प्रघात आहे, आणि पंचविसाव्या वर्षी ही संमती कोठे होते, हे संशोधनाचे क्षेत्र आहे. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलेले असल्याने महाराष्ट्राचा ऊस थेट या गाडीच्या जुन्या रबरी नळ्यांपर्यंत पोहोचला आहे. साखर कारखानदारीला ते भूषणावह असले, तरी नळ्यांना फारसे मानवत नाही. त्या बदलून घेण्याचा खर्च पहिल्याच महिन्यात धरावा.

सुट्या भागांसाठी नाना पेठ, आणि तेथे न मिळाल्यास कुर्ल्याचा भंगार बाजार, ही या पंथाची तीर्थक्षेत्रे आहेत. अनुभवी मिस्त्री भेटणे हा भाग्याचा प्रश्न आहे. असा मिस्त्री गाडीखाली जाऊन, बराच वेळ काही न बोलता, शेवटी हात पुसत एवढेच म्हणतो, “घ्या साहेब, पण मी घ्यायला सांगितली असं वहिनींना सांगू नका.” गृहशांतीच्या पातळीवर प्रश्न अधिकच सरळ असतो: “अहो, एवढ्यात नवी छोटी गाडी आली असती” या विधानातील तर्क निर्दोष आहे आणि त्याला आजवर कोणत्याही इच्छुकाने समाधानकारक उत्तर दिलेले नाही. स्पीडब्रेकरवर या गाडीचे पोट घासते, हे घरच्यांना पहिल्याच फेरीत कळते आणि तो विषय पुढे प्रत्येक स्पीडब्रेकरवर नव्याने निघतो.

तेव्हा निवाडा असा. बेल्टचे बिल, आरसीच्या नूतनीकरणाचा कागद आणि थंड इंजिनाने एका चावीत घेतलेला स्टार्ट या तीन गोष्टी मिळत असतील, तर अडीच लाख धावलेली गाडी घ्यावी; ६८,००० ची घेऊ नये. खरेदीच्या रकमेइतकीच दुसरी रक्कम बँकेत मोकळी नसेल, तर गाडी पाहायलाही जाऊ नये, कारण नुसती पाहून परत आलेले इच्छुक फारसे आढळत नाहीत.